अंटार्क्टिकाचं जहाज निवडताना आधी शंभराने भागा

फेब्रुवारी २०२५ मध्ये दोन कोटेशन्स शेजारी शेजारी ठेवली तेव्हा पहिलं डोळ्यांत भरलं ते स्वस्त होतं म्हणून. अडीच हजारांवर प्रवाशांचं जहाज, ब्यूनस आयर्सहून निघून दक्षिण अमेरिकेचं टोक वळसा घालून चिलीपर्यंत, सोळा दिवस, खिडकी नसलेली केबिन माणशी साधारण ३,००० डॉलर. दुसरं जहाज १०८ प्रवाशांचं, अर्जेंटिनाच्या उशुआयाहून निघून तिथेच परत, अकरा दिवस, तिघांच्या केबिनमधली एक जागा ९,५०० डॉलर. दिवस कमी आणि पैसे तिप्पट. एजंटचं म्हणणं, ‘दोन्ही अंटार्क्टिकाच आहे, चॉइस तुमचा.’

त्याचं म्हणणं खोटं नव्हतं, पण अर्धवट होतं. पहिल्या जहाजातून अंटार्क्टिका दिसतो, पाय मात्र लागत नाही. ब्रोशरमध्ये हे ‘सीनिक क्रूझिंग’ या दोन शब्दांत उरकलेलं असतं. जोडीला छापलेला पेंग्विनांचा फोटो जमिनीवरून काढलेला असतो.

यामागे नियम आहेत. तिथे प्रवासी नेणाऱ्या कंपन्यांची आयाटो नावाची संघटना १९९१ पासून आहे आणि जवळपास सगळ्या कंपन्या तिच्या सदस्य आहेत. तिचे नियम असे: ५०० हून अधिक प्रवासी असलेल्या जहाजाने कुणालाही किनाऱ्यावर उतरवायचं नाही. त्याहून लहान जहाजांनी एका जागी एका वेळी १०० हून जास्त प्रवासी उतरवायचे नाहीत, आणि दर २० जणांमागे एक गाइड हवा. एका जागी एका वेळी एकच जहाज. अंटार्क्टिक करारातल्या देशांनीही २००९ च्या बॉल्टिमोर बैठकीत ५०० आणि १०० हेच आकडे स्वीकारले.

म्हणून कोटेशन आलं की प्रवाशांच्या आकड्याला शंभराने भागायचं. १०० च्या आसपास असतील तर जवळपास सगळे एकदम उतरतात आणि जागेनुसार दोन-तीन तासही मिळतात. २०० असतील तर दोन पाळ्या: अर्धे किनाऱ्यावर, अर्धे रबरी बोटीतून हिमनगांमध्ये, मग अदलाबदल. हेही चांगलं चालतं. ४०० ते ५०० असतील तर चार-पाच पाळ्या होतात, माणशी तासभर मिळतो, आणि अनेकदा दिवसात एकदाच उतरता येतं. उरलेला वेळ आपली पाळी येईपर्यंत लाउंजमध्ये. अशी जहाजं सुंदर असतात, जेवण उत्तम असतं, व्याख्यानं होतात. पण ‘एक्सपिडिशन शिप’ ही पाटी १०० प्रवाशांच्या जहाजावरही असते आणि ४९० च्याही. पाटीपेक्षा आकडा वाचावा.

दुसरा हिशेब दिवसांचा. उशुआयाहून ड्रेक पॅसेज, म्हणजे दक्षिण अमेरिका आणि अंटार्क्टिका यांच्यामधला खवळलेला समुद्र, ओलांडायला जाताना दोन दिवस आणि येताना दोन. चढण्या-उतरण्याचे दिवस वजा केले की अकरा दिवसांच्या सफरीत प्रत्यक्ष अंटार्क्टिकात जेमतेम पाच दिवस हाती राहतात, म्हणजे हवामानाने साथ दिली तर आठ-दहा वेळा बाहेर पडणं. मोठ्या जहाजाच्या सोळा दिवसांत अंटार्क्टिकाच्या पाण्यातले दिवस साधारण चार. बाकीचे बंदरांचे आणि समुद्रातले.

मोठं जहाज कुणी घ्यावं, याचं उत्तर ‘ज्यांना परवडत नाही त्यांनी’ एवढंच नाही. ज्यांचे गुडघे पायऱ्यांना नाही म्हणतात, व्हीलचेअर लागते, एकटं सोडता येणार नाही असं कुणी सोबत आहे, त्यांच्यासाठी तेच बरोबर. लिफ्ट आहे, डेक रुंद आहेत, दवाखाना मोठा आहे, शाकाहारी जेवणाची चिंता जवळपास नाही, आणि वजनामुळे ड्रेकमध्ये हेलकावे कमी जाणवतात. अंटार्क्टिकातल्या गर्लाश स्ट्रेट या सामुद्रधुनीत दोन्ही बाजूंचे हिमनद उंच डेकवरून जसे दिसतात तसे लहान जहाजाच्या डेकवरून दिसत नाहीत. लहान जहाजावर हे सगळं पाहायला जिना चढावा लागतो. काही जहाजांवर लिफ्टच नसते, आणि असली तरी खवळलेल्या समुद्रात ती बंद ठेवतात.

सुरक्षिततेबद्दल घरचे विचारतातच. नोव्हेंबर २००७ मध्ये ‘एक्सप्लोरर’ हे लहान एक्सपिडिशन जहाज अंटार्क्टिकातल्या किंग जॉर्ज बेटाजवळ बर्फाला धडकून बुडालं. १५४ जण होते, काही तास उघड्या लाइफबोटीत काढून सगळे वाचले, कारण दुसरं जहाज जवळ होतं आणि त्यात १५४ जणांना जागा होती. अडीच हजार माणसांना तशी जागा देणारं जहाज त्या भागात सापडणं अवघड, हा विचार मोठ्या जहाजांबाबत करायलाच हवा. शिवाय ऑगस्ट २०११ पासून तिथल्या पाण्यात जड इंधन तेल जाळणं तर सोडाच, ते नेण्यावरही बंदी आहे. तेव्हा काही मोठ्या जहाजांनी तो मार्गच सोडला. आता जी जातात ती हलकं, महाग इंधन वापरून.

तिसरा पर्याय विमानाचा: चिलीच्या पुंता अरेनासहून दोनेक तासांत किंग जॉर्ज बेट आणि तिथे जहाज तयार. ड्रेक टळतो, पण पैसे वाढतात आणि ढग खाली आले की विमान उडत नाही.

आमच्यात साठीपुढची माणसं होती, पण जिने चढणारी. लहान जहाज ठरलं. ठरवण्याआधी एजंटला ईमेलवर प्रश्न पाठवले आणि उत्तरंही ईमेलवरच मागितली: या सफरीत जास्तीत जास्त किती प्रवासी घेणार (जहाजाची क्षमता नव्हे, या सफरीचा आकडा)? रबरी बोटी किती? दिवसात किती वेळा बाहेर पडायचा बेत असतो? केबिन कुठल्या डेकवर, जहाजाच्या मध्यापासून किती दूर? बूट भाड्याने की फुकट? पार्का (थंडीचं जाड जॅकेट) मिळतो का? डॉक्टर आहे का? यांची उत्तरं फोनवर गोलमोल येतात, ईमेलवर यावीच लागतात.

केबिनबद्दल एवढंच सांगतो की खालच्या डेकची, मध्यावरची, छोट्या गोल खिडकीची केबिन स्वस्तही असते आणि कमीत कमी हलणारीही. वरची बाल्कनीवाली महाग आणि झोक्यात पुढे. वादळात खालच्या खिडक्यांवर लोखंडी झाकणं लावतात, तेव्हा केबिनमध्ये अंधार होतो. पण तेव्हा बाहेर पाहण्याची इच्छाही नसते.

बुकिंग मे २०२५ मध्ये झालं. २० टक्के लगेच, बाकीचे निघण्याआधी तीन महिने. एकट्याने जाणाऱ्याला स्वतंत्र केबिन हवी तर दीड ते दोन पट पैसे. अनोळखी पण पुरुषाला पुरुष, बाईला बाई अशा सहप्रवाशाबरोबर राहायची तयारी असेल तर हा भुर्दंड टळतो, फॉर्मवर तशी खूण करावी लागते. पॅकेज भारतातल्या एजंटकडून घेतलं की त्यावर टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आपल्याकडून आगाऊ घ्यायचा आयकर, लागतो. आम्ही भरलं त्या वर्षी दर होता १० लाखांपर्यंत ५ टक्के आणि त्यापुढच्या रकमेवर २० टक्के. पहिल्या कोटेशनमध्ये तो धरलेलाच नव्हता! हे दर अर्थसंकल्पात बदलतात, म्हणून पैसे भरण्याच्या दिवशी कोणता दर लागू आहे ते विचारून घ्यावं, आणि एजंटने टीसीएस आपल्याच पॅनवर भरला आहे ना हे आपल्या कर-तपशिलात (तेव्हाचा फॉर्म २६एएस) तपासावं. कुटुंबातल्या चौघांचे पैसे एकाच्या खात्यातून गेले की सगळा टीसीएस त्या एकाच पॅनवर चढतो आणि तेव्हाची १० लाखांची मर्यादाही त्यामुळे लवकर ओलांडली जायची.

जूनमध्ये जहाज कंपनीचा वैद्यकीय फॉर्म आला. आपल्या डॉक्टरची सही-शिक्का लागतो. रक्तदाब, मधुमेह, स्टेंट, सगळं लिहायचं. लपवू नये. जहाजावरचा दवाखाना म्हणजे एक डॉक्टर आणि एक खोली. मोठं काही झालं तर जहाज मागे फिरवावं लागतं किंवा किंग जॉर्ज बेटावर विमान बोलवावं लागतं. त्यामुळेच इमर्जन्सी इव्हॅक्युएशनचा विमा सक्तीचा असतो, आणि तो लाखो डॉलरमध्ये मोजला जातो. इथे खरी मेख आहे: ‘वर्ल्डवाइड’ लिहिलेल्या पॉलिसीच्या आतल्या पानावर अंटार्क्टिका वगळलेला असू शकतो. विमा कंपनीकडून ‘अंटार्क्टिकातील जहाजप्रवास व तिथून वैद्यकीय स्थलांतर यांचा समावेश आहे’ असं एक वाक्य लेखी घ्या. आम्हाला ते मिळवायला तीन आठवडे आणि बरेच फोन लागले. पहिल्या दोन वेळी तर उत्तरादाखल नुसती ब्रोशरची पीडीएफ आली.

व्हिसाचं काम सप्टेंबरमध्ये हाती घेतलं. अंटार्क्टिकासाठी व्हिसा लागत नाही, प्रवाशाने वेगळा परवाना काढायचा नसतो; तो जहाज कंपनी आपल्या देशाच्या यंत्रणेकडून घेते. लागतो तो अर्जेंटिनाचा. ऑगस्ट २०२५ पासून ज्या भारतीयांच्या पासपोर्टवर अमेरिकेचा वैध टुरिस्ट व्हिसा आहे त्यांना अर्जेंटिनाचा वेगळा व्हिसा लागत नाही. आमच्यातल्या काहींचं काम त्यामुळे आपोआप झालं, बाकीच्यांनी मुंबईतल्या वकिलातीत अर्ज केला. बँकेचं सहा महिन्यांचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं, जाण्या-येण्याची तिकिटं, हॉटेलं आणि जहाज कंपनीचं पत्र. मल्टिपल एंट्रीच मागायची, कारण जहाज उशुआयाहून निघतं तेव्हा पासपोर्टवर देश सोडल्याचा शिक्का बसतो आणि परत आल्यावर पुन्हा प्रवेशाचा. सिंगल एंट्री असेल तर परतीच्या वाटेवर अडकायला होतं.

मोठं जहाज घेतलं असतं तर हेच काम तिप्पट झालं असतं. ती जहाजं वाटेत उरुग्वेचं मॉन्टेव्हिडिओ, चिलीचं पुंता अरेनास, पुन्हा उशुआया अशी बंदरं घेत जातात, आणि प्रत्येक देशाचे नियम वेगळे. एक व्हिसा कमी असला तर पहिल्याच बंदरात चढू देत नाहीत. ‘आम्ही तिथे उतरणारच नाही’ हे उत्तर चालत नाही. मार्गात फॉकलंड बेटं असतील तर त्यांचीही चौकशी आधीच करावी. उशुआयात जाऊन शेवटच्या क्षणी स्वस्तात जागा मिळवायची, हा युरोपीय पोरांचा उद्योग आपल्या पासपोर्टला परवडत नाही. अर्जाला जहाजाचं पत्रच आधी लागतं.

यलो फिव्हरच्या लसीकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. अर्जेंटिनात शिरताना ती कुणी विचारत नाही. पण या रोगाचा धोका असलेल्या देशांच्या भारताच्या यादीत अर्जेंटिना, ब्राझील, इथिओपिया हे सगळे देश आहेत, आणि मुंबईहून जाणारा एक सोयीचा मार्ग अदिस अबाबा-साओ पावलोवरूनच जातो. लसीचं कार्ड नसेल तर परत आल्यावर विमानतळावर सहा दिवस विलगीकरणात ठेवू शकतात. लस सरकारमान्य केंद्रातच घ्यायची. मुंबईत बंदर आणि विमानतळ आरोग्य संघटनेची केंद्रं आहेत. दाखला लस घेतल्यानंतर दहा दिवसांनी ग्राह्य होतो आणि पुढे आयुष्यभर चालतो. साठीपुढच्यांनी आधी डॉक्टरांना विचारावं, या वयात लसीचे दुष्परिणाम थोडे जास्त होतात. आणि दाखल्याच्या पिवळ्या पुस्तिकेवरचा (हेच ते कार्ड) पासपोर्ट नंबर तिथेच उभं राहून ताडून पाहावा.

सामानात पैसे वाचतात आणि जातातही. जाड पार्का बऱ्याच कंपन्या देतात, बूट बहुतेक सगळ्या देतात. आपण न्यायची ती वॉटरप्रूफ ओव्हरपँट. स्कीची पँट चालते, पावसाळी ट्रेकची पातळ पँट खाऱ्या पाण्यात आणि रबरी बोटीच्या काठावर टिकत नाही. आत दोन थर थर्मल, दोन जोड हातमोजे (एक भिजतोच), सनस्क्रीन आणि चांगला गॉगल. जानेवारीत किनाऱ्यावर तापमान शून्याच्या आसपास असतं. वारा सुटला तरच बोचतं. चिवडा-लाडू नेणाऱ्यांनी अर्जेंटिनाच्या कस्टम्सचं लक्षात ठेवावं: कंपनीच्या सीलबंद पाकिटातलं ठीक, घरचे दुधातुपाचे पदार्थ आणि बिया काढून घेऊ शकतात. जहाजावर खायला हरकत नाही, किनाऱ्यावर मात्र शेंगदाणाही न्यायचा नाही. शाकाहारी किंवा जैन जेवण हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच लिहून द्यावं. जहाजाचा बाजार उशुआयात एकदाच भरतात.

जानेवारी २०२६. ब्यूनस आयर्सला आंतरराष्ट्रीय विमान एसेइसाला उतरतं आणि उशुआयाची बरीच विमानं शहरातल्या एरोपार्केहून सुटतात, मध्ये टॅक्सीचा तासभर. देशांतर्गत तिकिटात सामानाची मर्यादा कमी असते, तिकिटाच्या प्रकारानुसार बदलते. ती आधीच वाढवून घेणं काउंटरवर भरण्यापेक्षा स्वस्त. साडेतीन तासांत उशुआया. जहाजाच्या किमान एक दिवस आधी पोचावं, दोन दिवस असले तर उत्तम. बॅग मागे राहिली तर जहाज थांबत नाही.

दुपारी चढायचं, पासपोर्ट जमा करायचे, लाइफबोटीचा सराव, आणि संध्याकाळी बीगल चॅनेलमधून बाहेर. चॅनेलमध्ये पाणी शांत असतं, त्यामुळे लोक गाफील राहतात, पोटभर जेवतात आणि मध्यरात्री ड्रेकमध्ये शिरल्यावर पस्तावतात. उलटीची गोळी चॅनेलमध्ये असतानाच घ्यायची. घाटातल्या एसटीसाठी आपण घेतो ती ॲव्होमिन इथेही चालते, फक्त झोप फार येते. मेक्लिझिन त्यापेक्षा सोसते. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काहीही घेऊ नये, कानामागचा पॅच तर नाहीच. कोरडी बिस्किटं, थोडं थोडं पाणी, आडवं पडणं. आणि ‘एक हात जहाजाला’: चालताना एक हात कायम कठड्यावर. ड्रेकमधल्या दुखापती बहुतेक उलटीच्या नसतात, दाराच्या चौकटीत सापडलेल्या बोटांच्या असतात.

बाहेरचं बी-माती अंटार्क्टिकात जाऊ नये म्हणून ड्रेकच्या दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कपडे घेऊन लाउंजमध्ये बोलावतात. व्हॅक्यूम क्लीनर, चिमटे, वाकवलेल्या पेपरक्लिप. वेल्क्रोच्या काट्यांत अडकलेली गवताची कुसळं, कॅमेऱ्याच्या बॅगेच्या कोपऱ्यातली माती, पँटच्या घडीतलं बी, सगळं टोकरून काढायचं. सह्याद्रीत वापरलेली सॅक नेली असेल तर अर्धा तास धरा. गाइड स्वतः तपासतो, मग फॉर्मवर सही. बर्ड फ्लू तिथे पोचल्यापासून किनाऱ्यावर बसणं, गुडघे टेकणं, बॅग खाली ठेवणं बंद आहे. फोटोसाठी आडवं पडायचं विसरा.

उतरण्याची पद्धत एकदा समजली की भीती जाते. लाइफ जॅकेट पार्काच्या वरून. गँगवेपाशी (बोटीत उतरायच्या जिन्यापाशी) आपला टॅग उलटा करायचा, म्हणजे कोण बाहेर आहे ते कळतं. जंतुनाशकाच्या ट्रेमध्ये बूट बुडवायचे. दोन्ही हात मोकळे, कॅमेरा बॅगेत. खालच्या पायरीवर खलाशी हात पुढे करतो, तेव्हा पंजा धरायचा नाही. त्याने आपलं आणि आपण त्याचं मनगट धरायचं, कारण ओला हातमोजा निसटतो, मनगट निसटत नाही. बोटीच्या रबरी काठावर एक पाय, मग आत, लगेच बसायचं आणि बसूनच सरकायचं. एका बोटीत दहाजण. शंभर प्रवाशांना दहा फेऱ्या, म्हणजे पहिला आणि शेवटचा यांच्यात अर्धा-पाऊण तास. किनाऱ्याला बोट लागली की पुढच्या टोकाकडे सरकून दोन्ही पाय समुद्राच्या बाजूने बाहेर वळवायचे आणि गुडघाभर पाण्यात उतरायचं. लाट येऊन जाईपर्यंत थांबायचं. गाइड ‘नाऊ’ म्हणतो तेव्हा उतरायचं, आपल्या मनाने नाही.

किनाऱ्यावर स्वच्छतागृह नाही. झाडामागे वगैरे प्रकार नाही, झाडच नाही. गरज लागली तर पुढच्या बोटीने जहाजावर परत. ड्रेकमध्ये कमी प्यायलेलं पाणी पेंग्विन पाहून आल्यावर प्यावं, चहाही नंतरच.

कुव्हरव्हिल बेटावर जेंटू पेंग्विनांनी बर्फात खणलेल्या वाटा आहेत, गुडघाभर खोल, विष्ठेने गुलाबी-तपकिरी झालेल्या. पाच मीटर अंतर आपण राखायचं. त्यांना नियम लागू नाही, ते सरळ बुटाशी येतात. त्यांच्या वाटेवर आपण उभं राहायचं नाही, आणि आपल्या पावलाने बर्फात खड्डा पडला तर तो बुजवायचा, नाहीतर पिल्लू त्यात अडकतं. इथेच लहान जहाजाचे जास्तीचे पैसे वसूल होतात. पहिला अर्धा तास सगळे फोटो काढतात, दुसऱ्या अर्ध्या तासात थंडी लागते, आणि त्यानंतर फोन खिशात जाऊन माणसं नुसती पाहायला लागतात: पालकाच्या मागे धावणारं पिल्लू, शेजारच्या घरट्यातला खडा चोरणारा नर, अगदी खालून घिरट्या घालणारा स्कुआ हा शिकारी पक्षी. तासाभराच्या पाळीत हा तिसरा टप्पा येतच नाही.

छापलेला कार्यक्रम पाळला जाईल ही अपेक्षा ठेवू नये. निको हार्बरला वारा होता म्हणून बेत बदलला, लेमेर चॅनेल बर्फाने तोंडाशीच अडलं होतं, डिसेप्शन बेटाच्या आत मात्र शिरता आलं. करारातच लिहिलेलं असतं की मार्गाचा निर्णय कॅप्टन आणि एक्सपिडिशन लीडरचा, त्यासाठी परतावा नाही. लहान जहाजाला इथेही सोय: शंभर माणसं वीस मिनिटांत तयार होतात आणि शेजारच्या खाडीत बेत हलवता येतो. पाचशेंच्या पाळ्या एकदा लागल्या की बदलणं जिकिरीचं.

शेवटच्या रात्री बिल. बक्षिसी माणशी दिवसाला १५ डॉलरच्या आसपास सुचवलेली असते, सक्ती नसते. मोठ्या जहाजांवर ती आपोआप बिलात लावतात. जहाज सकाळी लवकर धक्क्याला लागतं, तरी परतीचं विमान दुपारनंतरचं घ्यावं, कारण ड्रेकमध्ये समोरून वारा असला की सहा तास सहज जातात. मुंबईत उतरल्यावर इमिग्रेशनच्या आधी यलो फिव्हर कार्ड दाखवलं, दोन मिनिटांचं काम. ते पासपोर्टबरोबर हातातल्या बॅगेत हवं, चेक-इनच्या सामानात नको. टीसीएसची रक्कम त्या आर्थिक वर्षाचं विवरणपत्र भरताना करात वळती होते, जास्त असेल तर परत मिळते. एजंटकडून टीसीएसचा दाखला (तेव्हाचा फॉर्म २७डी) मागून घ्यावा, तो आपणहून पाठवत नाही.